नेट नेमकं कुठं अडतंय? पिंगपासून सुरुवात

गेल्या वर्षी आमच्या घरचं नेट रोज संध्याकाळी अडखळायचं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा, आणि स्पीड टेस्ट केली की आकडा मात्र जवळजवळ पूर्ण यायचा. ग्राहक सेवेला फोन केला की एकच उत्तर मिळायचं, ‘राउटर बंद करून चालू करा, संध्याकाळी लोड असतो.’ दुखणं कुठं आहे ते मला सांगता येत नव्हतं, त्यामुळे कोणी ऐकूनही घेत नव्हतं. शेवटी ते सापडलं तीन-चार साध्या आज्ञांनी. त्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतात, काही विकत घ्यावं लागत नाही, काही बिघडतही नाही. ज्यांनी ती काळी खिडकी कधीच उघडली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी मनात एक चित्र हवं. ‘नेट चालत नाही’ म्हणताना आपण एक गोष्ट बोलतो, पण बिघाडाच्या जागा निदान पाच असतात. लॅपटॉप ते राउटर हा वायफायचा किंवा लॅन वायरचा तुकडा. राउटर ते कंपनीचं जवळचं ठाणं, म्हणजे खांबाखांबावरून आलेली काचेची बारीक तार. कंपनीच्या ठाण्यापासून बाहेरच्या जगापर्यंतचा रस्ता. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही यंत्रणा. आणि शेवटी, आपल्याला जी साइट उघडायची आहे तिचा स्वतःचा सर्व्हर. तपास करायचा तो याच क्रमानं, घरापासून बाहेर. आधीच लांबचं तपासलं तर दोष घरातला असूनही बोल कंपनीला लागतो, किंवा उलट.

काळी खिडकी उघडणं

विंडोजवर कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येते, तिच्यात सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. मॅकवर आणि लिनक्सवर ‘टर्मिनल’ नावाचं अॅप शोधून उघडा. या लेखात आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे, पण पडद्यावर अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीच टाइप करायचे. प्रत्येक आज्ञेचं स्पेलिंग पहिल्या वेळी सांगतो. आज्ञा आणि पुढचा पत्ता यांच्यामध्ये एक जागा सोडायची, हे नवख्या माणसाकडून हमखास राहून जातं.

आपला स्वतःचा पत्ता

विंडोजवर पहिली आज्ञा आयपीकॉन्फिग. स्पेलिंग: आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, मध्ये जागा नाही. एंटर मारलं की बऱ्याच ओळी येतात, त्यातल्या दोनच बघा. ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’ हा तुमच्या लॅपटॉपचा घरातला पत्ता, आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ हा राउटरचा. गेटवे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल. लिनक्सवर ‘आयपी रूट’ (आय-पी, जागा, आर-ओ-यू-टी-ई) या आज्ञेनं येणाऱ्या पहिल्या ओळीत ‘डिफॉल्ट व्हाया’च्या पुढे तोच आकडा दिसतो. मॅकवर वायफायच्या सेटिंगमध्ये ‘राउटर’ या शब्दासमोर तो लिहिलेला असतो.

तुमचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तिथंच थांबा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की लॅपटॉप स्वतःच असा तात्पुरता पत्ता घेऊन बसतो. अशा वेळी बाहेरच्या कंपनीला फोन करून उपयोग नाही. वायफाय तोडून परत जोडा, वायर असेल तर ती नीट बसली आहे का बघा, आणि त्यानंतर राउटर बंद-चालू करा.

पिंग

आता मुख्य हत्यार. पी-आय-एन-जी, मग जागा, मग पत्ता. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला. तो तेव्हा मेरीलँडमधल्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होता. पाणबुडी शोधण्यासाठी सोनार नावाचं यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळानं आला यावरून अंतर ओळखतं, त्या आवाजावरून नाव पडलं पिंग. कामही अगदी तसंच. तुमचा कॉम्प्युटर माहितीचं एक छोटं पाकीट पाठवतो, समोरचा ते तसंच परत करतो, आणि गेल्या-आल्याचा वेळ मिलिसेकंदांत मोजला जातो.

पहिला पिंग राउटरला द्या: पिंग १९२.१६८.१.१ (किंवा तुमचा जो गेटवे असेल तो). विंडोज चार पाकिटं पाठवून थांबतो. मॅक आणि लिनक्स थांबतच नाहीत, तिथं कंट्रोल आणि सी एकत्र दाबून थांबवावं लागतं. उत्तराच्या प्रत्येक ओळीत ‘टाइम’समोर आकडा असतो. लॅन वायरनं जोडलेलं असेल तर तो एक मिलिसेकंदाच्या आत, वायफायवर दोन ते दहाच्या आसपास हवा. इथंच जर कधी ३, कधी १८०, कधी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असं येत असेल, तर तुमचा दोष घरात सापडला. लॅपटॉप राउटरजवळ नेऊन पुन्हा करा. जवळ नेल्यावर सुधारलं तर भिंती किंवा अंतर कारणीभूत आहे. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असतानाच बिघडत असेल तर २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडून बघा, कारण मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट करतो. शक्य असेल तर एकदा लॅन वायर लावून पिंग करा. वायफाय आणि बाकीचं नेट वेगळं काढायचा याहून सरळ मार्ग नाही.

राउटर स्वच्छ उत्तर देत असेल तर पुढचा पिंग बाहेर: पिंग ८.८.८.८. हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ पासून चालू आहे. किंवा १.१.१.१, हा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ चा. लक्षात ठेवायला सोपे म्हणून जगभर लोक हेच पत्ते वापरतात. या दोन्ही पत्त्यांमागे एकच मशीन नाही. जगात अनेक ठिकाणी तोच पत्ता उत्तर देतो आणि सहसा जवळचा देतो. म्हणून महाराष्ट्रातल्या चांगल्या फायबरवर इथं अगदी थोड्या मिलिसेकंदांत उत्तर येतं. मोबाइल डेटावर ते चाळीस-पन्नास आलं तरी घाबरायचं कारण नाही.

चार पाकिटांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. चारातलं एक हरवलं तर विंडोज ‘२५ टक्के लॉस’ दाखवतो आणि माणूस हादरतो. निदान शंभर पाठवा. विंडोजवर ‘पिंग -एन १०० ८.८.८.८’, मॅक-लिनक्सवर एनच्या जागी सी. शंभरात एखादं गेलं तर चालेल. पाच-सात जात असतील तर बिघाड आहे. डाउनलोडमध्ये तो चटकन दिसत नाही, कारण हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जातं, फक्त वेग पडतो. कॉलमध्ये परत मागवायला वेळच नसतो, तेवढा शब्द कायमचा जातो. स्पीड टेस्ट चांगली आणि कॉल खराब, या कोड्याचं एक उत्तर हे आहे.

उत्तरांच्या भाषेत एक सापळा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे पाकीट गेलं, पण ठरल्या वेळात काहीच परत आलं नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल’ म्हणजे वाटेतल्या कोणीतरी कळवलं की पुढं जाता येत नाही. ते कोणी कळवलं हे ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढच्या पत्त्यावरून समजतं, आणि तिथं तुमच्या लॅपटॉपचाच पत्ता असेल तर पाकीट घराबाहेर पडलेलंच नाही. पण विंडोज अशा नकारालाही ‘उत्तर मिळालं’ असं मोजतो. त्यामुळे वर चारही ओळी अनरिचेबल आणि खाली ‘० टक्के लॉस’ असं दिसू शकतं. शेवटच्या बेरजेवर विसंबू नका, ओळी वाचा.

पिंग चालू ठेवून शोधणं

कधीतरीच येणारा बिघाड हा सगळ्यात छळणारा. लाइनमन येतो तेव्हा नेट उत्तम चालत असतं. त्यासाठी पिंग सतत चालू ठेवायचा, विंडोजवर ‘पिंग -टी ८.८.८.८’, आणि बंद करायला कंट्रोल-सी. म्यूसनं स्वतः एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एका नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसानं पिंगच्या प्रत्येक उत्तराला कॉम्प्युटर मोठ्यानं ‘पिंग’ म्हणेल अशी जोडणी केली, आवाज वाढवला, आणि इमारतीत फिरत एकेक वायरची टोकं हलवत गेला. जिथं हात लावल्यावर आवाज थांबला, ती खराब जोडणी. आजही हेच करता येतं. मॅक आणि लिनक्सवर ‘पिंग -ए’ दिलं की प्रत्येक उत्तराला बीप वाजतो. विंडोजवर या ‘-ए’चा अर्थ वेगळा आहे, तिथं पडद्याकडे बघायला घरातल्या कोणालातरी बसवा आणि तुम्ही वायरी हलवा. लॅन वायर हलवायला हरकत नाही. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक तार मात्र ओढू नका, दुमडू नका, आणि तिचं टोक काढून आत डोळा लावून तर कधीच बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

दुसरा एक प्रयोग मला फार उपयोगी वाटतो. सतत पिंग चालू असताना घरच्याच वायफायला जोडलेल्या मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ वर चढवा. आकडा ८ वरून एकदम ३०० वर गेला आणि अपलोड संपताच परत ८ वर आला, तर तुमचा बिघाड तारेत नाही, रांगेत आहे. राउटर येणारी पाकिटं टाकून न देता लांबलचक रांगेत उभी करतो आणि तुमच्या कॉलची पाकिटं त्या रांगेच्या शेवटी अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. घरात कोणाचा फोटोंचा बॅकअप चालू झाला की मुलाच्या गेममध्ये अडथळा येतो, तो यामुळे. बॅकअप रात्री लावणं हा साधा उपाय. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची, म्हणजे कोणत्या पाकिटांना आधी जाऊ द्यायचं ते ठरवण्याची, सोय असेल तर अपलोडला खऱ्या वेगाच्या थोडी खालची मर्यादा घालून बघा.

वाटेतले टप्पे

राउटर ठीक, ८.८.८.८ खराब. मग मधला कुठला तुकडा? इथं ट्रेसर्ट. स्पेलिंग टी-आर-ए-सी-ई-आर-टी. मॅक-लिनक्सवर तीच आज्ञा पूर्ण नावानं, ट्रेसरूट: टी-आर-ए-सी-ई-आर-ओ-यू-टी-ई. हे समजायला एसटीचं तिकीट आठवा. एसटीचं भाडं टप्प्यांवर असतं, तसा प्रत्येक पाकिटावर टप्प्यांचा आकडा लिहिलेला असतो. दर राउटरपाशी तो एकनं कमी होतो आणि शून्य झाला की तो राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसर्ट मुद्दाम आधी एका टप्प्याचं पाकीट सोडतो, मग दोनाचं, मग तीनाचं. जो जो राउटर ‘टप्पे संपले’ असं कळवतो, त्याचा पत्ता नोंदवला जातो. अशी वाट उलगडते. व्हॅन जेकबसन यांनी ही युक्ती १९८७ मध्ये प्रोग्राममध्ये आणली.

‘ट्रेसर्ट ८.८.८.८’ दिलं की पहिली ओळ तुमच्याच राउटरची येते. दुसरी-तिसरी कंपनीच्या ठाण्याची. तिथं १०.नं किंवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो दोष नाही, कंपनी तुमच्यासकट बऱ्याच घरांना एका बाहेरच्या पत्त्यामागे बसवते आहे इतकंच. प्रत्येक ओळीत वेळेचे तीन आकडे दिसतात, कारण प्रत्येक टप्प्यावर तीन पाकिटं पाठवली जातात.

आणि इथं नवखी माणसं हमखास फसतात. मधल्याच एखाद्या ओळीत तीन फुल्या किंवा २०० मिलिसेकंद दिसतात आणि ‘हाच तो खराब राउटर’ असं वाटतं. पण मोठ्या राउटरचं पहिलं काम पाकिटं पुढं ढकलणं, असल्या चौकशांना उत्तर देणं हे त्याच्या लेखी सगळ्यात शेवटचं. काही तर उत्तरच देत नाहीत. नियम असा धरा: बिघाड ज्या ओळीपासून सुरू होतो तिथून शेवटपर्यंत तो राहिला, तरच तो खरा. पाचव्या ओळीत फुल्या आणि सहाव्यापासून सगळं स्वच्छ, तर पाचवी विसरून जा. विंडोजवर ‘पाथपिंग’ (पी-ए-टी-एच-पी-आय-एन-जी) ही आज्ञा प्रत्येक टप्प्याला शंभर पाकिटं पाठवून हीच तपासणी नेटानं करते. तिला काही मिनिटं लागतात, चहा ठेवून या.

आकडे वाचताना भूगोल विसरू नका. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर, दीड मिलिसेकंद. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत जवळजवळ ३,९०० किलोमीटर, म्हणून ३९ च्या खाली कोणतीही कंपनी, कोणताही महागडा प्लॅन जाऊ शकत नाही, आणि समुद्रतळाची केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात आकडा त्याहून बराच वर येतो. मराठी विकिपीडियाचं पान उघडून ‘ट्रेसर्ट विकिपीडिया.ऑर्ग’ करून बघा. आपल्याकडचे वाचक साधारणपणे २०१८ साली सुरू झालेल्या सिंगापूरच्या केंद्राला जोडले जातात. सुरुवातीच्या ओळी एक आकडी किंवा दोन आकडी असतात आणि मग एका ओळीत आकडा एकदम उडी मारतो. तो समुद्र आहे. राउटरच्या नावांत कधीकधी विमानतळांची अक्षरं सापडतात, मुंबईसाठी बी-ओ-एम, सिंगापूरसाठी एस-आय-एन. पहिल्यांदा ती वाचता आली तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

याच समुद्राखालच्या तारांमुळे कधी दोष ना आपला असतो ना कंपनीचा. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतातलं परदेशाकडचं नेट कितीतरी दिवस रडतखडत चालत होतं. अशा वेळी ८.८.८.८ झटपट उत्तर देतो आणि युरोपातल्या साइट मात्र रखडतात.

नाव सापडत नाही तेव्हा

पिंग ८.८.८.८ ला उत्तर येतं, पण पिंग विकिपीडिया.ऑर्ग दिलं की ‘होस्ट सापडला नाही’. म्हणजे रस्ता चालू आहे, नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस बंद पडलाय. खात्री करायला एनएसलुकअप: एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी, जागा, साइटचं नाव. मग तीच आज्ञा पुन्हा, पण शेवटी ८.८.८.८ जोडून, म्हणजे प्रश्न कंपनीच्या डीएनएसऐवजी गुगलला जातो. पहिल्या वेळी उत्तर नाही आणि दुसऱ्या वेळी आलं, तर राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदला, काम होतं. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ (एफ-एल-यू-एस-एच-डी-एन-एस) असं दिलं की साठवलेली जुनी उत्तरंही पुसली जातात.

एकच साइट उघडत नाही आणि बाकी सगळं ठीक असेल तर ती साइट बहुधा स्वतःच पडली आहे. फक्त तिला पिंग करून ठरवू नका, बऱ्याच बँका आणि सरकारी साइट सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत. मोबाइल डेटावरून तीच साइट उघडून बघणं जास्त खात्रीचं.

तक्रार करताना

निकाल फाइलमध्ये साठवता येतो. आज्ञेच्या शेवटी जागा सोडून ‘मोठा आहे’चं चिन्ह आणि फाइलचं नाव द्या, सगळं पडद्याऐवजी त्या फाइलमध्ये जातं. वेळ, तारीख, वायरनं की वायफायनं, हे शेजारी लिहून ठेवा. फोनवर ‘नेट स्लो आहे’ म्हणण्याऐवजी असं सांगा: ‘वायरनं जोडलेलं आहे, राउटरला शंभरात शंभर उत्तरं येतात, दुसऱ्या टप्प्यापासून पुढे सात टक्के हरवतात.’ यानंतर राउटर बंद-चालू करायला सांगणं समोरच्याला अवघड जातं. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथं हा नंबर लागतो.

आमच्या घरचं शेवटी काय निघालं ते सांगतो. राउटरला पिंग स्वच्छ. दुसऱ्या टप्प्यापासून पाकिटं हरवत होती, पण जी येत होती ती नेहमीच्याच वेळात. लोड असता तर आकडा हळूहळू चढला असता, रांग वाढत गेली असती. इथं वेळ जसाच्या तसा आणि पाकिटं गायब, तेही एका क्षणात सुरू होऊन. तीन दिवस सतत पिंग चालू ठेवून मी ते क्षण वहीत लिहिले: सहा वाजून दहा, सहा पाच, सहा वाजून बारा. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, वहीत काय लिहितोस, आणि बोलता बोलता डास येतात म्हणून नेहमीप्रमाणे खिडकी लावून घेतली. पडद्यावर लगेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. फायबरची तार खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती आणि झडप लावली की ती दबून दुमडत होती. लाइनमननं येऊन भिंतीला वेगळं भोक पाडलं, दबलेला तुकडा कापून तार नव्यानं जोडली. अर्ध्या तासाचं काम होतं.